शैला आणि शनिवारचा एस ड्राइव्ह

शैलाच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी दारात गॅसवाल्याशी हुज्जत घालत होते. रिसीव्हर कानाला लावला तरी तोंड दाराकडेच होतं, त्यामुळे वसंतरावांना तेच वाक्य दोनदा सांगावं लागलं. "कुंदाताई, शैला गेली हो... पहाटे." मी "बरं" म्हटलं. इतक्या जवळची मैत्रीण गेल्यावर "बरं" म्हणणारी बाई मी एकटीच असेन. गॅसवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्याने निमूटपणे सिलिंडर आत आणून ठेवला आणि गेला. मी फोनजवळच्या स्टुलावर बसले आणि मला पहिल्यांदा काय आलं असेल तर राग. पन्नाशी तरी धड पार करायची होतीस ना बाई... इतक्या वर्षांत हिने भांडणात शेवटचा शब्द मला कधी बोलू दिला नाही, आणि आता तर तो कायमचाच तिच्याकडे गेला. त्याला आता काही आठवडे झाले. राग अजून आहे, पण लिहिता येईल इतपत निवलाय.

ती जायच्या थोडे दिवस आधी नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये होती. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आले की मी तिच्यासाठी पेज घेऊन जायचे. एक दिवस गेले तर खाट रिकामी. धावत बाहेर आले तर ही काउंटरच्या आतल्या बाजूला, सुई टोचलेला हात छातीशी धरून, रिसेप्शनवरच्या मुलीच्या मागे उभी. त्या मुलीच्या कॉम्प्युटरवर पेशंटची यादी उघडत नव्हती म्हणे. "मी नाही हात लावणार," शैला तिला सांगत होती, "तू रोज करतेस तसं कर, मी बघते." मी म्हटलं, "शैला, तुला इथे झोपायला आणलंय." तर म्हणाली, "झोपूनच असते गं दिवसभर. ही बिचारी सकाळपासून सगळ्यांच्या शिव्या खातेय." थोड्या वेळाने यादी उघडली. काय बिघडलेलं ते मला कळलं नाही. त्या मुलीला मात्र कळलं, कारण सगळं तिनेच केलेलं. शैला खाटेवर येऊन पडली, पेज अर्धी प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणाली. मीठ अगदी बरोबर होतं, हे मी इथे छापील स्वरूपात नोंदवून ठेवते.

तू कर, मी बघते. तिची कामाची सगळी रीत एवढ्यात आली. बाकीचे कॉम्प्युटरवाले आले की पहिल्यांदा तुम्हाला खुर्चीतून उठवतात. "सरका" म्हणतात, खटाखट काहीतरी बडवतात, आणि "झालं" म्हणून निघून जातात. आपण तिथे नुसते बावळटासारखे उभे. दुसऱ्या दिवशी परत तेच बिघडतं. शैला खुर्चीला हात लावायची नाही. माणूस काय करतो, कुठे थबकतो, कुठलं बटण उगाच दोनदा दाबतो, ते ती मागे उभी राहून बघायची. म्हणायची, मशीन काय करतं ते मला माहीतच आहे, माणूस काय करतो ते बघायला मी येते.

आमची कंपनी डोंबिवलीला मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंग आणि रसायनांची. मी पर्सोनेल खात्यात टायपिस्ट, म्हणजे रजा, हजेरी, नोटिसा, चौकश्या, सगळं माझ्या टाइपरायटरमधून जायचं. शैला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागली ती अकाउंट्समध्ये कारकून म्हणून. कॉम्प्युटर तेव्हा नव्हताच. काही वर्षांनी तो येणार असं ठरलं आणि कोण शिकायला तयार आहे म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा पुरुषमंडळींनी माना खाली घातल्या. मशीन आलं की आपली नोकरी जाणार, अशी सगळ्यांना धास्ती. शैलाने हात वर केला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ठाण्याला क्लासला जायची, मुलगी लहान होती, ती माझ्या आईकडे. मग कॉम्प्युटर आला, त्याला एअरकंडिशन्ड खोली मिळाली, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. साहेबांनी नारळ फोडला, भटजींनी पडद्याच्या मधोमध हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी शैलाने ते रुमालाने पुसलं आणि मला म्हणाली, "देवाला चालेल गं. अक्षरं दिसायला हवीत ना." मला त्या चपला काढायच्या नियमाचा भयंकर तिटकारा होता. ही माझी मैत्रीण आहे की गाभाऱ्यातली देवी, असं मी तिला दर वेळी दारातून विचारायचे.

नव्वदनंतर प्रत्येक खात्यात एकेक कॉम्प्युटर आला आणि ते सगळे एका वायरने जोडायचं ठरलं. शैला पदर खोचून टेबलांखाली शिरायची, वायर ओढणाऱ्या माणसाच्या पुढे. तिच्या खोलीत एक मोठं मशीन बसवलं, त्याला सर्व्हर म्हणायचं. सगळ्यांचं काम त्यात साठणार आणि प्रत्येकाला ते आपल्या टेबलावरून दिसणार. हे लोकांना समजावताना तिने काय सांगितलं ते मला अजून पाठ आहे. "कपाट माझ्या खोलीत आहे, पण त्याचं दार तुमच्या टेबलाशी उघडतं. दाराला एक अक्षर दिलंय. स्टोअरचं दार एस, पगाराचं पी. फक्त हे दार रोज सकाळी नव्याने लावावं, म्हणजे चौकटीत बसवावं लागतं." या दार लावण्याला त्यांच्या भाषेत ड्राइव्ह मॅप करणं म्हणतात. त्यासाठी काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मशीन अडून बसणार. आमच्याकडे कोण करतंय ते? म्हणून तिने प्रत्येकासाठी एक छोटी फाइल लिहिली, तिला बॅच फाइल म्हणतात. आपण एकच शब्द टाइप करायचा, की फाइलमधल्या आज्ञा एकामागून एक आपोआप चालतात. पहिली आज्ञा दार लावते, दुसरी दारातून आत जाते, तिसरी आपला खण उघडते, चौथी कामाचा प्रोग्रॅम सुरू करते.

कोलशेतला आमचं गोदाम होतं, तिथेही असंच छोटं जाळं टाकलेलं. तिथला गोदामबाबू बिघाड झाला की फोन करायचा आणि शैला फोनवरून त्याच्याकडून आज्ञा टाइप करून घ्यायची. लाइनवर खरखर, म्हणून तिने गावांची बाराखडी केलेली. "एन नाशिकचा. ई एरंडोलचा. टी ठाण्याचा. आता एक मोकळी जागा सोडा. यू उल्हासनगरचा, एस साताऱ्याचा, परत एरंडोल. आता दोन तिरक्या रेघा, डावीकडे रेलून उभ्या असलेल्या. उजवीकडच्या नकोत हो, त्या वेगळ्या." शेजारच्या टेबलावरचे लोक काम सोडून ऐकायचे. एकदा एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, या बाई एसटीच्या चौकशी खिडकीवर होत्या का आधी. मी हो म्हणून सांगितलं.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

स्टोअरला म्हात्रे नावाचा कारकून होता. आगरी, कंपनीच्या कुंपणापलीकडच्याच गावचा. त्याच्या वडिलांची भातशेती वसाहतीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती याची. म्हणजे ही नोकरी गेली की जमीनही गेली आणि तिचा मोबदलाही, असा सरळ मामला. आवाज मोठा, डोकं तापट, साहेबालाही तोंडावर बोलणारा. आणि त्या सुमारास आलेल्या नव्या कारखाना-मॅनेजरना हे असलं बोलणं अजिबात खपायचं नाही. एका महिनाअखेरीला मालाची मोजदाद झाली तेव्हा स्टोअरमधले ड्रम आणि कॉम्प्युटरमधला आकडा जुळेना. काही दिवस असे निघाले की स्टोअरमधून प्लँटला माल गेलाय, चिठ्ठ्या आहेत, पण कॉम्प्युटरमध्ये एंट्रीच नाही. म्हात्रे म्हणाला, मी रोजच्या रोज एंट्री मारलीय. मॅनेजरनी शैलाकडून प्रिंटआउट मागवला. तिने काढला, नेहमीप्रमाणे खाली सही केली आणि दिला. त्यात त्या दिवसांच्या जागा कोऱ्या. झालं, मॅनेजरच्या हातात कोलीतच मिळालं. कामात हलगर्जी आणि वर खोटं बोलणं, असे दोन आरोप ठेवून नोटीस निघाली. ती मीच टाइप केली. पुढच्या आठवड्यात चौकशी होती, पण निकाल आधीच ठरलेला. इतकी वर्षं नोटिसा बडवल्यावर मसुद्याची भाषा बघून कळतं, कुठल्या माणसाला फक्त दम द्यायचाय आणि कुठल्याला घरी पाठवायचंय.

दुपारी म्हात्रे शैलाच्या खोलीत आला. चपला काढायचा नियम एव्हाना कोणी पाळत नसे, पण याने दारात काढल्या. मी तिथेच डबा खात होते. "म्याडम," तो म्हणाला, "मी एंट्र्या मारलेल्या. तुमचं मशीन खोटं बोलतंय."

"मशीन खोटं नाही हो बोलत, म्हात्रे."

"मंग मी बोलतो का?"

एरवी एवढा आरडाओरडा करणारा माणूस, पण तेव्हा आवाज अगदी खाली आलेला. "बापाला सांगितला नाय अजून," म्हणाला आणि गेला. शैलाने डब्याचं झाकण लावलं ते दिवसभर उघडलं नाही. तिच्या सहीच्या कागदावर त्या माणसाची नोकरी चालली होती, हे तिला माझ्याइतकंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती स्टोअरमध्ये जाऊन म्हात्रेच्या मागे उभी राहायला लागली. "तुम्ही करा, मी बघते." तो बसायचा, आपला एक शब्द टाइप करायचा, एस ड्राइव्ह उघडायचा, एंट्री करायचा, आणि एंट्री जिथे जायला हवी तिथे जायची. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. तिने वायरीचे जोड तपासले. कुठली दारं लागलीत ते दाखवणारी एक आज्ञा असते, ती सकाळ-संध्याकाळ चालवून बघितली. एस आपला जागच्या जागी. मॅनेजर येताजाता विचारायचे, "काय बाई, सापडलं का भूत?" आणि चौकशीचा दिवस जवळ येत होता. चहाच्या वेळी ती मला म्हणाली, "कुंदा, तो खोटं बोलत नाहीये. मी त्याचे हात बघितलेत, तो काहीच चुकत नाही. आणि मशीनही खोटं बोलत नाहीये. मग मधे काय होतंय?"

मी तेव्हा चौकशीसाठी नोटिशीच्या प्रती काढत होते. त्यातल्या, एंट्री नसलेल्या दिवसांच्या तारखा मी आधीही टाइप केलेल्या, पण टाइप करताना माणूस वाचत कुठे असतो. त्या दिवशी भिंतीवरच्या हजेरीच्या कॅलेंडरकडे सहज नजर गेली आणि मी म्हटलं, "अगं, हे सगळे शनिवार आहेत."

"शनिवार?"

"म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस."

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्या वसाहतीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी कारखान्यांना वीजच नसते, म्हणून रविवारी आम्ही कामावर आणि शुक्रवारी घरी. माझ्या घरचे पाहुणे अजून रविवारी येऊन कुलूप बघून जातात. शैलाने हातातला कप खाली ठेवला. "सुट्टीनंतरचा पहिला दिवस," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग मला, "शनिवारी पहिल्या पाळीला येशील?" पहिली पाळी सातची, माझं ऑफिस नऊचं. मी तिला सात पिढ्यांचं ऐकवलं आणि शनिवारी सातच्या आधी गेटवर हजर राहिले.

इतकी वर्षं तिथे काम करूनही शनिवारची ती सकाळ आम्ही दोघींनीही कधी बघितली नव्हती. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी कोणी आपापलं बटण बंद करायचं नाही. सर्व्हर शैला रीतसर थांबवून जायची, पण बटण त्याचंही तसंच. सगळं झालं की वायरमन मेन स्विचचा एकच मोठा दांडा खाली ओढायचा, की अख्खा कारखाना गार. शनिवारी सकाळी तो बोर्डाला जास्वंदीचं फूल वाहायचा, उदबत्ती ओवाळायचा, हात जोडायचा आणि दांडा वर करायचा. दिवे, पंखे, मोटारी, कॉम्प्युटर, सगळं एका दमात चालू. प्रसादाची खडीसाखर वाटली जायची. आम्हालाही दिली. शैलाने ती तोंडात टाकली आणि दांड्याकडे बघत राहिली.

म्हात्रे तोवर टेबलाशी पोचलेला. पहिल्या पाळीची चिठ्ठी घेऊन प्लँटची माणसं खिडकीशी यायला लागायची, त्यामुळे तो दांडा वर झाला की लगेच कामाला बसायचा. "करा, म्हात्रे," शैला म्हणाली, "दर शनिवारी करता तसं." त्याने आपला शब्द टाइप केला. पडद्यावर क्षणभर काहीतरी चमकलं, पुसलं गेलं आणि एंट्रीचे रिकामे रकाने आले. अगदी रोजच्यासारखे. मला काही वेगळं दिसलं नाही, त्यालाही नाही. शैला म्हणाली, "थांबा. बाहेर या यातून." मग तिने त्याच्याकडून त्याच चार आज्ञा एकेक करून हाताने टाइप करून घेतल्या. पहिलीला उत्तर आलं, सर्व्हर सापडत नाही. दुसरीला उत्तर आलं, एस नावाचं काही नाही. आणि तिसरीला खण उघडला, चौथीला प्रोग्रॅम सुरू झाला, जसं काही बिघडलेलंच नाही.

झालं होतं ते असं. दांडा वर झाला की म्हात्रेचं मशीन पटकन जागं व्हायचं, सर्व्हरला मात्र वेळ लागायचा. तो आधी आपली सगळी तपासणी करणार, मग हाकेला ओ देणार. तोवर इकडे दार लावायची आज्ञा फुकट गेलेली असायची. ऑफिसचे लोक नऊला यायचे तेव्हा सर्व्हर टक्क जागा, म्हणून त्यांना कधी त्रास नाही. मग दार लागलं नाही तर म्हात्रेचं काम अडायला हवं होतं. पण वायर टाकायच्या आधी स्टोअरचा प्रोग्रॅम म्हात्रेच्या स्वतःच्या मशीनवर चालायचा, आणि तो जुना प्रोग्रॅम, त्याच नावाच्या खणासकट, शैलाने तिथेच राहू दिलेला. असू दे, कधी लागलं तर, म्हणून. आपल्याकडे कुठल्या घरात आइस्क्रीमचा रिकामा डबा फेकतात? तर दार लागलं नाही की फाइल मुकाट्याने घरातलाच जुना खण उघडायची. एकदा उघडला की दिवसभर बंद करायचा नाही, ही शैलाचीच सूचना. आणि "सर्व्हर सापडत नाही" ही ओळ म्हात्रेला दिसायची नाही, कारण फाइलमध्ये प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी शैलाने पडदा पुसायची आणखी एक आज्ञा घातलेली. इंग्रजी ओळी बघून माणसं बिचकतात, म्हणून मायेने घातलेली.

जुन्या खणात सगळ्या शनिवारच्या एंट्र्या होत्या. एकही चुकलेली नव्हती. म्हात्रे वाकून बघत होता. "मना वाटलं मीच येडा झालो," तो म्हणाला आणि डोळे पुसायला तोंड भिंतीकडे केलं. माझा जीव भांड्यात पडला. मी शैलाकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला.

जेवायच्या सुट्टीत आमचं भांडण झालं. त्या महिन्यात कॉम्प्युटर खात्याच्या प्रमुखाची जागा भरायची होती आणि शैलाचं नाव पुढे होतं. आमच्या कंपनीत बाई कधी खात्याची प्रमुख झाली नव्हती. मी म्हटलं, "सर्व्हर उशिरा उठतो, एवढंच सांग ना. खरंच आहे ते. कशाला सगळं उकरतेस?"

"तेवढं सांगितलं तर साहेब म्हणतील, पडद्यावर चूक दिसत असताना याला कळलं कसं नाही? मग काय सांगू?"

"काहीतरी सांग."

"त्याला कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती, कुंदा. मीच पुसलं. हे बोलल्याशिवाय तो सुटत नाही."

मी चिडून उठले.

चौकशीला शॉर्टहँड घ्यायला मीच बसले होते. शैलाने उभं राहून सगळं सांगितलं, खडीसाखरेपासून जुन्या खणापर्यंत, आवाज न चढवता. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे तुमच्या सहीचा कागद चूक होता?"

"कागद बरोबर होता, साहेब. एस ड्राइव्हवर एंट्री नव्हती, हे खरंच. मग ती गेली कुठे, हे विचारायचं काम माझं होतं. ते न विचारता मी सही केली. जुना प्रोग्रॅम ठेवला तो मी, आणि पडदा पुसायची आज्ञाही माझी. यात म्हात्रेंची चूक काहीच नाही."

"बाई, तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"हो." मग माझ्याकडे वळून, "कुंदा, घेतलंस ना सगळं?"

मी घेतलं होतं. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून घेतलं होतं. म्हात्रेची नोटीस मागे घेतली गेली. शैलाला लेखी ठपका मिळाला, तोही मीच टाइप केला, आणि खात्याचा प्रमुख बाहेरून आणला. संध्याकाळी दोघी फाटकाकडे चालत जाताना मी विचारलं, "वाईट वाटतंय का गं?" मला वाटलं, नाही म्हणेल, मोठेपणा करेल. ती म्हणाली, "खूप वाटतंय. ती जागा मला हवी होती." आणि रस्त्यात उभी राहून रडली. रिक्षावाला थांबला, तर त्याला मी हाकललं. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, चल, भूक लागलीय. स्टेशनबाहेर आम्ही मिसळ खाल्ली. तिने पाव जास्तीचा मागवला. त्यानंतर त्या विषयावर ती कधी कुढताना मला दिसली नाही, आणि बाहेरून आलेल्या प्रमुखाला तिनेच सगळं शिकवलं. मी असते तर त्याला वर्षभर वायरी मोजायला लावल्या असत्या.

त्यानंतर तिने पहिल्यांदा जुने सगळे खण काढून टाकले. मग फाइल नव्याने लिहिली. आता पहिली आज्ञा फुकट गेली तर फाइल पुढे जातच नाही. थोडं थांबते, पुन्हा दार लावून बघते, नाही लागलं तर पुन्हा. आणि पडद्यावर काय चाललंय ते लपवत नाही, मराठीत सांगते, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. हे शब्द तिने म्हात्रेला शेजारी बसवून ठरवले. हळूहळू प्रत्येक खात्यात हीच फाइल गेली. पुढे आजार आला, सुट्ट्या वाढल्या, मग ती यायचीच बंद झाली. म्हात्रे आता स्टोअरचा इनचार्ज आहे. जमिनीच्या उरलेल्या तुकड्यात त्याचे वडील अजून भेंडी लावतात, ती भेंडी मोसमात दर आठवड्याला शैलाच्या घरी जायची.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सातला कारखान्यात गेले. माझं तिथे त्या वेळेला काहीएक काम नव्हतं. वायरमनने उदबत्ती ओवाळली, दांडा वर केला, मला खडीसाखर दिली. मी स्टोअरमध्ये गेले. म्हात्रे टेबलाशी बसलेला, त्याने शब्द टाइप केला आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर ओळ आली, "सर्व्हर अजून उठला नाही. थांबा, मी जोडतेय." थोड्या वेळाने खाली तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा. मला पुढची ओळ दिसेना, डोळे भरून आले होते. खिडकीशी प्लँटचा माणूस चिठ्ठी हलवत उभा होता. "अरे म्हात्रे, कर ना लवकर," तो म्हणाला, "कोणाची वाट बघतोस?"

म्हात्रेने पडद्यावरची नजर काढली नाही. "थांब जरा," तो म्हणाला, "म्याडम जोडतायत."

तो माणूस थांबला. मीही थांबले.